रिकाम्या बरणीचं झाकण

१

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं तेव्हा सहा बरण्यांपैकी पाचांत बेडूक होते आणि सहावीत नव्हता. काचेची बरणी जागेवर, स्पिरिट काठोकाठ भरलेलं, तळाशी दोऱ्यासकट नंबराची चिठ्ठी. फक्त बेडूक गायब. मंगळवारी कॉलेजनं मला बोलावलं.

"अंगठ्याच्या पेराएवढा मेलेला बेडूक," मी म्हटलं, "कोण कशाला चोरेल हो?"

"तेच तर तुमाले शोधायचं हाये, द्वारकाबाई," प्राचार्य भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला.

आदिलाबादच्या कोर्टात माझी सगळी नोकरी पेशकार म्हणून गेली. साक्षीदार बोलायचे, मी लिहायची. निवृत्त झाल्यावर लोकांना माझी आठवण येते ती भांडणं मिटवायला, आणि तीही पोलिसांत जायचं नसेल तेव्हाच. कॉलेजचं तसंच झालं होतं. पोलिसांत गेलं की पेपरात येणार, आणि या बेडकाबद्दल पेपरात आधीच बरंच काही येऊन गेलं होतं.

कारण हा बेडूक साधासुधा नव्हता. आमच्याच वस्तीतल्या मोतीरामची मुलगी प्रियदर्शनी इथं प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात नेरडीगोंड्याजवळ भागाबाईच्या भाजीच्या मळ्यात तिला हा बेडूक सापडला. दिसायला आपल्या बांधावरच्या बेडकांसारखाच, पण आवाज साफ वेगळा. तसा आवाज काढणारी जात आजवर कोणी नोंदवलेली नाही, असं तिचं म्हणणं. नव्या जातीचं वर्णन छापायचं तर एक बेडूक मुख्य नमुना म्हणून कायमचा जपावा लागतो. पुढं कोणाला शंका आली तर त्यानं त्या नमुन्याशी ताडून पाहायचं. तोच नमुना गेला होता.

"गुरुवारी पुण्याहून डॉक्टर अनुप येऊन राह्यले नमुना पाह्यला," प्राचार्य म्हणाले. "तवरी सापडला नाई तर आमी शीतलले काढून टाकू."

शीतल म्हणजे प्रयोगशाळेची अटेंडर. झाडलोट, काचसामान धुणं, किल्ली सांभाळणं.

"तिनं नेला याचा पुरावा?"

"पुरावा नाई. पन कोनावर तरी जबाबदारी ठेवा लागते ना, बाई."

मला असा राग आला की चहा तसाच ठेवला. ज्याच्यामागं कोणी नाही त्याच्यावर जबाबदारी ठेवायला किती सोपं जातं! मी बरणी हातात घेतली आणि झाकण फिरवायला गेले. फिरेना. झाकणाभोवती पातळ पांढरी टेप ताणून गुंडाळली होती, कुठं सुरकुती नाही, कुठं सुटलेलं टोक नाही.

"ही टेप कशाला?"

"स्पिरिट उडू नये म्हनून. सगळ्याच बरण्यायले असते."

"बरणी सोमवारपासून कोणी उघडली?"

"कोनीच नाई. हर्षदीपनं काचेतूनच पाह्यलं, बेडूक नाई म्हनून."

"मग भगवंतराव, चोरानं बेडूक काढून घेतल्यावर, या रिकाम्या बरणीला पुन्हा टेप कोणी लावली?"

प्राचार्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि टेपवरून नख फिरवून पाहिलं.

२

बुधवारी सकाळी शीतल माझ्यासमोर बसली ती खुर्चीच्या अगदी कडेवर. मुलगी तिसरीत, नवरा हैदराबादला बांधकामावर. डोळे सुजलेले.

"मावशी, मी काऊन चोरू? त्या बेडकायकडं पाह्यलं की मले मळमळते. फडकं मारते तवाबी मी तोंड फिरवून मारते."

"किल्ली तुझ्याकडे असते ना?"

ती मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "एक सांगते, कोनाले सांगू नका. शनिवारी मी लवकर गेली. नणंदेच्या ओटभरनीले. कपाट लावलं का नाई ते मले पक्कं आठवत नाई. बाहेरचं दार लावलं अन् किल्ली खिळ्याले टांगली. नेहमीच टांगते. सगळ्यायले माहीत हाये."

"म्हणजे कोणीही आत जाऊ शकत होतं."

"हो. म्हनून तर मले वाटते की चूक माहीच हाये." तिनं डोळे पुसले. "मावशी, माहं नाव तेवढं साफ करा. माह्या पोरीले शाळेत पोरी म्हनून राह्यल्या, तुही माय चोर हाये."

मी तिला पाणी दिलं. ती थोडी सावरल्यावर म्हणाली, "प्रियदर्शनी मॅडम लई चांगल्या हायेत पन. त्यायचाच बेडूक गेला, तरी मले एक शब्द बोलल्या नाई. सोमवारपासून रोज मले बाजूले बसवून आपल्या डब्यातलं खाऊ घालतात. काल तर पोरीसाठी स्वेटर आनला."

कोर्टात मी पुष्कळ फिर्यादी पाहिलेत. चोरी झालेला माणूस संशयिताला शिव्या घालतो, निदान तोंड तरी फिरवतो. स्वेटर आणणारा फिर्यादी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग हर्षदीप आला. प्रियदर्शनीच्या हाताखाली संशोधन करणारा विद्यार्थी, बारीक अंगाचा, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झालेली. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "बाई, चूक माही हाये."

या कॉलेजात ज्याला विचारावं तो आपलीच चूक सांगत होता. मी म्हटलं, "बस आधी. बेडूक तू नेलास?"

"नाई, नाई! मी शनिवार-रविवार बासरले होतो, युनिव्हर्सिटीत चर्चासत्र होतं. सोमवारी बसमधून उतरून सरळ इथं आलो." (त्याच्यासोबत गेलेल्या मुलांनी नंतर मला तेच सांगितलं.) "चूक वेगळी हाये. गेल्या पावसाळ्यातली."

भागाबाईच्या मळ्यात दिवेलागणीला ते दोघं आवाज टिपत होते. पाण्याच्या दांडाजवळच्या ढेकळाखालून तो आवाज आला, टिकटिक करून मग लांब टर्रर्र. प्रियदर्शनीनं तो टिपला आणि हर्षदीपला खूण केली की पकड.

"मी हात घातला. चिखल उडाला, काहीतरी उडी मारून सटकलं, मी झडप घातली अन् माह्या मुठीत हा आला. मी म्हनलो, मॅडम, हाच! पन ओरडनारा अन् मुठीतला एकच होता का, ते मी शपथेवर नाई सांगू शकत."

"हे मॅडमला सांगितलंस?"

"कसं सांगू? त्या एवढ्या खुश होत्या. मंग बाकीचे पाच बेडूक त्या मुठीतल्यासारखे पाहून पाहूनच निवडले. मंग पेपरात आलं, सत्कार झाला. आता तर नमुनाच गेला." त्यानं मान खाली घातली. "खरं सांगू का बाई? तो गेला हे पाहून माह्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तेव्हापासून झोप नाई."

३

नागनाथ सर विभागप्रमुख. ज्याच्याबद्दल सगळे आधीपासून कुजबुजत होते तो माणूस हाच. शोधनिबंधावर आपलं नाव पहिलं असावं म्हणून त्यांनी महिनाभर वाद घातला होता, आणि प्रियदर्शनीनं साफ नकार दिला होता.

"मला माहीत आहे तुमाला काय विचारायचं ते," दार लावून घेत ते म्हणाले. "हो, मला आनंद झाला. सोमवारी घरी जाऊन बायकोला शिरा करायला सांगितला. मग घास काही उतरला नाही. माझ्या विभागातला नमुना जातो आणि मी शिरा खातो, म्हणजे मी कोण झालो?"

"नमुना तुम्ही नेला?"

"नेला असता तर सहाही नेले असते."

मी पुढं सरकले. "म्हणजे?"

"बाई, शोधनिबंध अजून छापलेला नाही. छापेपर्यंत बाकीच्या पाचांतला कोणताही मुख्य नमुना करता येतो. मापं पुन्हा घ्यायची, मजकूर बदलायचा, वैताग आहे, पण निबंध मरत नाही. ज्याला काम बुडवायचं आहे तो एक बेडूक नेऊन थांबणार नाही."

हे मला पटलं. शत्रू अडाणी असता तर त्यानं हाताला येईल ते नेलं असतं आणि झाकणाला टेप लावत बसला नसता. शत्रू जाणता असता तर सहाही गेले असते. चोरानं नेमका एक उचलला होता. मग या एका बेडकात असं काय होतं?

"पुण्याचे डॉक्टर काय काय तपासणार होते?"

"मापं. बोटं. पायाच्या बोटांमधला पडदा. मग पोटाला बारीकशी चीर देऊन आत बघतील, नर की मादी. तो दस्तूरच आहे."

"तुमच्या बेडकाच्या पोटाला अशी चीर आधी दिलेली नव्हती?"

"कशाला देणार? याचा आवाज टिपलेला आहे. ओरडतो तो नरच असतो, माद्या गप्प असतात. त्यात बघायचं काय?"

मला हर्षदीपची ती चिखलातली झडप आठवली. मी हळूच विचारलं, "सर, आणि समजा आत अंडी निघाली तर?"

नागनाथ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आवाज एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं," ते म्हणाले. "मग आपल्याकडे नवी जातच नाही."

"हे तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा."

ते ओशाळं हसले. "खरं सांगू? गुरुवारपर्यंत गप्प बसलो असतो आणि अनुप सरांसमोर, सगळ्या स्टाफसमोर ते पोट उघडायला लावलं असतं."

त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं खरं मानलं. एवढा राग असलेला माणूस अशी संधी हातची घालवत नाही. तो बेडूक दाखवायला निघाला असता, लपवायला नाही.

आता लपवणारे दोघंच उरत होते. हर्षदीप बासरला होता, आणि त्यानं आपली शंका स्वतःहून माझ्यासमोर मांडली होती. जी गोष्ट झाकण्यासाठी माणूस चोरी करतो ती तो पहिल्याच बैठकीत सांगून टाकत नाही. राहिलं एकच नाव, आणि ते मोतीरामच्या मुलीचं होतं. सत्काराच्या दिवशी मोतीरामनं अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले होते.

४

मी प्रियदर्शनीला कॉलेजात काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "बेडूक पकडलात ती जागा मला दाखव. मौका पाहिल्याशिवाय मला काही सुचत नाही."

"चौकशी कशाला, बाई?" ती म्हणाली. "गेला तो गेला. शीतलले त्रास नको व्हायले. मी सांगते सरांना, सोडून द्या म्हनून."

"तुझं सरांनी ऐकलं असतं तर मला कशाला बोलावलं असतं? चल."

बुधवारी दुपारी आम्ही बसनं नेरडीगोंड्याला उतरलो. भागाबाईचा मळा हायवेपासून आत, नाल्याच्या कडेला. वांगी, मेथी, टमाटे, सगळं नीट आखलेलं. फक्त दांडाजवळचा एक मोठा तुकडा तसाच गवताळ आणि ओला सोडलेला.

भागाबाई खुरपं टाकून धावत आली. "मॅडम आल्या! पाहा, तुमी सांगतलं तसा तो तुकडा मी पेरलाच नाई. औषधबी नाई मारलं तिकडं. पोरगा ओरडते, म्हनते मेथीची एवढी जागा वाया घालून राह्यली. मी म्हनलं, तुले काय समजते, तिथं माह्या नावाचा बेडूक राह्यते."

प्रियदर्शनीनं त्या तुकड्याकडे पाठ केली.

"माहं नाव कधी येते मंग पुस्तकात?" भागाबाईनं विचारलं. "आमच्या घरात कोनाचंच नाव कुठं छापून आलं नाई बापा. मी तर साऱ्या गावाले सांगून ठेवलं."

"येईल," मीच म्हटलं. भागाबाई आमच्यासाठी टमाटे तोडायला गेली तशी प्रियदर्शनी बांधावर बसली. मी तिच्याशेजारी बसले.

"बेडूक कुठं आहे?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "घरी. माह्या पुस्तकाच्या कपाटात, लोनच्याच्या बरनीत. स्पिरिटात ठेवला हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमाले कसं कळलं?"

"चोर बरणीला टेप लावत नाही, पोरी. तू बेडूक काढलास, स्पिरिट खाली गेलं ते काठापर्यंत भरलंस आणि झाकण बांधलंस. आत काहीच नाही हे तुझ्या डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. अशी सवय तिघांनाच. त्यातला एक बासरला होता आणि एकाला ते पोट सगळ्यांसमोर उघडून हवं होतं. शिवाय या अख्ख्या कॉलेजात चोर सापडू नये असं वाटणारी तू एकटीच आहेस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, ओल्या तुकड्याकडे बघत बोलत राहिली.

"मागच्या आठवड्यात शेवटची मापं घेऊन राह्यली होती. पोट दाबलं तर आत दाने लागले. चीर दिली. अंडी होती, बाई, पोटभर. मंग बाकीचे पाचही उघडले. सगळ्या माद्या. ही आपली नेहमीचीच बेडकं हायेत."

"सहाच्या सहा माद्या? हे कसं काय?"

"मीच निवडल्या." ती हसली, पण त्या हसण्याकडे बघवेना. "नेहमीच्या जातीत नराचा घसा काळा असते. माह्या मुख्य नमुन्याचा घसा पांढरा होता. मी म्हनलं, आवाज वेगळा अन् घसाबी वेगळा, म्हनजे जात वेगळी! मंग मी पांढऱ्या घशाचे तेवढे ठेवले अन् काळ्या घशाचे सोडून दिले. नर सोडून दिले, बाई, अन् माद्या मारल्या. अन् पांढरा घसा हेच नव्या जातीचं लक्षन म्हनून लिहिलं. पहिल्या वर्षाची पोरगी अशी चूक नाई करत."

"आणि तो आवाज?"

"आवाज खरा हाये. आमच्या माहितीतल्या कोन्याच बेडकाचा नाई तो. तो कोनीतरी इथंच असन." तिनं गवताकडे हात केला. "पन मी त्याले पाह्यलंच नाई."

"मग हे तसंच सांगायचं. चूक झाली, पुन्हा शोधते."

"मी सांगायलेच निघाली होती. त्या दिवशी बाबा घरी पेपरातलं कात्रन फ्रेम करून घेऊन आले. मले वाटलं, नमुना नसला तर अनुप सर परत जातीन, निबंध लांबन, मी हळूहळू सोडून देईन. कोनाचं काही जानार नाई. सहाही न्यायले गेली होती, पन एक उचलला अन् पुढं धीर झाला नाई. टेप कवा लावली तेबी आठवत नाई."

"आणि शीतल?"

पहिल्यांदा तिनं तोंड झाकलं. "सोमवारी तिचं नाव निघालं. मी म्हनलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशीबी उद्याच म्हनलं. तिले समोर बसवून जेवू घातलं की थोडं बरं वाटे."

"तुला बरं वाटे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "तिच्या पोरीला शाळेत चोराची पोरगी म्हणताहेत."

भागाबाई पिशवीभर टमाटे घेऊन आली. प्रियदर्शनी उठली आणि तिथंच, दांडाच्या कडेला, तिनं त्या बाईला सगळं सांगितलं. भागाबाईनं शेवटी पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "म्हनजे हे बेडकं फुकट मारले?"

"हो," प्रियदर्शनी म्हणाली.

५

गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीत डॉक्टर अनुप, नागनाथ सर, हर्षदीप, शीतल आणि मी. प्रियदर्शनीनं लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच बोलली. काहीही गाळलं नाही. हर्षदीपचा दोष तिनं स्वतःवर घेतला, म्हणाली, पकडलं त्यानं पण तपासायचं काम माझं होतं. नागनाथ सरांना इतके दिवस हवा होता तो क्षण आला होता. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

अनुप सरांनी बेडूक काढून भिंगाखाली धरला, मान हलवली आणि आवाज ऐकायला मागितला. तो लांब टर्रर्र खोलीत वाजला. "हा नवा असू शकतो," ते म्हणाले. "पावसाळ्यात पुन्हा त्या जागेवर जा. घाई करू नका."

प्राचार्यांचा चेहरा मोकळा झाला. पोलिस नाही, पेपर नाही, सगळं घरातल्या घरात. "चला," ते म्हणाले, "शीतल, जा बाई, लाग कामाले. झालं गेलं विसरून जा."

शीतल उठली नाही. तिनं प्राचार्यांना विचारलं, "सार, मी चोर नाई हे सगळ्यायले सांगसान ना? स्टाफले, गेटवरच्यायले, सगळ्यायले?"

"हो हो, सांगतो ना."

"आत्ताच सांगा."

तिच्या आवाजात असं काही होतं की प्राचार्य खरंच उठले, स्टाफरूममध्ये गेले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं. तिथं त्यांनी अडखळत, घाम पुसत सांगितलं. गेटवरच्या माणसालाही बोलावून सांगितलं. शीतल प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून मी येत नाई."

"काऊन?" प्राचार्य ओरडलेच. "आता तर काहीच अडचन नाई!"

"म्हनूनच, सार. चोर म्हनून काढली असती तर मले जाता नसतं आलं. आता जाता येते."

प्रियदर्शनी पुढं झाली. "शीतल, माही चूक हाये. तुले जी म्हनशील ती भरपाई..."

"मॅडम," शीतल शांतपणे म्हणाली, "तुमच्यावर मी चिडली नाई. चूक कोनाच्याबी हातून होते. पन मी तुमच्यासमोर बसून रडत होती तवा तुमाले माहीत होतं."

ती गेटबाहेर पडली आणि नेहमीसारखी शेअर ऑटोला हात करून निघून गेली. मी मात्र हेच धरून चालले होते की नाव साफ केलं की नोकरी वाचेल, नोकरी वाचली की सगळं ठीक होईल. मला माझीच लाज वाटली.

स्टाफरूम हळूहळू रिकामी झाली. प्रियदर्शनी दारातच उभी होती.

"बाई, ती माफ नाई करनार का?" तिनं विचारलं.

"तू मागितलीस कुठं अजून?" मी म्हटलं. "भरपाई देते म्हणालीस फक्त."

तिनं पायांत चपला सरकवल्या आणि दुसरी ऑटो येते का ते बघत रस्त्यावर जाऊन उभी राहिली.